बाजीरावी मक्त्यापासून इंदापूरच्या धाऱ्यापर्यंत: गावचे जमाबंदीचे आकडे कसे वाचावेत?

तिसरा_रकाना:
पुणे प्रांतातल्या, देशावरच्या एका गावचे साधारण १७९० ते १८४० पर्यंतचे ताळेबंद (जमाखर्चाचे कागद) आणि लावणीपत्रके (लागवडीच्या याद्या) ओळीने लावायचा प्रयत्न चालू आहे. नाना फडणवीस असेपर्यंत आकार (गावावर बसवलेला सारा) फारसा हलत नाही. पुढे तो एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी कोसळतो. १८१८ नंतर पुन्हा सपाट, १८३० च्या सुमारास गोंधळ आणि १८३६ नंतर एकदम उतार. यावरून 'दुसऱ्या बाजीरावाने लुटले, इंग्रजांनी सावरले' असा सरळ निष्कर्ष काढावा का? शिवाय काही कागदांवर फसली (महसुली) सन, काहींवर अरबी शब्दांतले सन आहेत, त्यामुळे एकच वर्ष दोनदा धरले जात असल्याची शंका येते. जाणकारांनी सांगावे.

बिघे_पांड:
आधी सन नीट लावा, बाकीचे नंतर. अरबी शब्दांतले सन म्हणजे सुहूर सन. त्यात एकम आधी येतो, मग दहम, शतक, हजार. 'समान अशर मयातैन व अलफ' म्हणजे ८ + १० + २०० + १०००, अर्थात १२१८. हे वर्ष मृगाला बदलते. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे झाले १८१७-१८. दख्खनी फसली सुहूरपेक्षा ९ ने पुढे असते, तेव्हा तेच वर्ष फसली १२२७. तुमच्या तक्त्यात दोन्ही आले असतील तर वर्ष दुहेरी धरले गेले आहे.

हमखास होणारी चूक म्हणजे 'छ' (चांद्र तारखेची खूण) पुढे हिजरी महिना दिसला की सनही हिजरी समजणे. तारीख चांद्र, पण सन सौर असतो. या काळात हिजरी सन सुहूरच्या १४-१५ वर्षे पुढे गेलेला आहे, त्यामुळे थेट हिजरी धरले तर खडकीच्या लढाईच्या (१८१७) वर्षाचा कागद १८०३ मध्ये जाऊन बसतो.

क्षेत्राचेही तसेच. २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर हे कोष्टक सगळीकडे सापडते, पण काठीच गावोगाव सारखी नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी हलक्या जमिनीला बिघा सैल धरत, म्हणजे प्रतवारी दरात न करता मापातच करून टाकत. तेव्हा जुना 'दर बिघा' आणि १८३६ नंतरचा 'दर एकर' शेजारी मांडून काही सिद्ध होत नाही. गावचा एकूण आकारच ताडून पाहा.

बेहडा:
मूळ प्रश्नाकडे येतो. नानांच्या काळात पुण्याहून परगण्याचा बेहडा, म्हणजे वर्षाचा अंदाज, ठरून येई. मामलतदार रसद म्हणून काही रक्कम आगाऊ भरे आणि हिशेब पुन्हा हुजुरात (पेशव्यांच्या कचेरीत) तपासला जाई. त्याच्याबरोबर नेमलेले दिवाण, मुजुमदार, फडणीस हे दरकदार सरकारचे असत, मामलतदाराला त्यांना काढता येत नसे. खालून पाटील-कुलकर्णी आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे. खाणारे पुष्कळ, पण एकमेकांवर नजर ठेवणारेही तेच.

१३ मार्च १८०० ला नाना गेले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वसईचा तह, आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. हे खड्डे तुमच्या तक्त्यात असणारच आणि ते मक्त्याचे, म्हणजे वसुली ठेक्याने देण्याचे, नाहीत. मक्ता त्यानंतर बोकाळला. परगणा चढ्या बोलीला द्यायचा, बहुधा एका वर्षापुरता, आणि मुदतीत कोणी जास्त बोलला तर पहिल्याला हटवायचे. मक्तेदार पुढे पोटमक्ते देई. वर्षभराचाच धनी असलेला माणूस पडीक जमीन इस्ताव्याने, म्हणजे दर वर्षी थोडा थोडा वाढत जाणाऱ्या आकाराने, कशाला लावील? इस्ताव्याचा फायदा पाचव्या-सातव्या वर्षी, तेव्हा तो कुठे असणार! तो चालू लावणीवर पट्ट्या (जादा कर) बसवतो. गुन्हेगारीचा दंडही त्याच्याच पदरात, त्यामुळे न्यायसुद्धा वसुलीची बाब झाला.

म्हणून ऐनजमेवर (मूळ साऱ्यावर) थांबू नका. सिवायजमा (इतर किरकोळ जमा), जादा पट्ट्या आणि गावखर्च या तिन्ही बाबी वेगळ्या काढा. गावाला मागणी झेपली नाही की पाटील गावाच्या नावावर सावकाराचे कर्ज काढी आणि त्याचे व्याज पुढच्या वर्षीच्या गावखर्चात चढे. आकार खाली आणि गावखर्च फुगलेला, असे वर्ष दिसले तर ते सुटीचे नाही, थकल्याचे आहे.

मिरासदार (वंशपरंपरेने जमीन धारण करणारा) आणि उपरी (बाहेरचा, तात्पुरता कसणारा) यांची सरासरीही काढू नका. मिरासदार आपल्या थळाचा (जमिनीचा) पूर्ण धारा, म्हणजे सारा, देई, जमीन पडली तरी. उपरी कौलावर (करारावर) कमी दराने कसे. मिरासदार परागंदा होऊन तीच जमीन उपऱ्याकडे गेली की दर उतरल्याचा भास होतो.

नीरकाठ:
वरचे मान्य. पण 'इंग्रजांनी सावरले' हेही तपासून घ्या.

११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टनने मक्ता बंद केल्याचे आणि वतने, इनामे, वर्षासने चालू ठेवण्याचे जाहीर केले. बाजीरावाकडे भरलेला वसूल मुजरा (वजावट) मिळणार नाही, असेही त्यात होते. म्हणून फसली १२२७ ची वसूलबाकी दोन्हीकडून ओढल्यासारखी दिसते. ते वर्ष तुलनेला निरुपयोगी, तक्त्यातून गाळा.

पुढे मामलतदार पगारी झाला. देशमुख-देशपांडे वसुलीतून बाजूला सारले गेले, त्यांचा हक्क रोख राहिला. पाटलाचे वजन घटले. दप्तर कुलकर्ण्याच्या हातात, तेव्हा कलेक्टर कचेरीची गरज त्याच्याकडे.

खरी मेख १८२० नंतरच्या दशकातल्या धान्याच्या भावात आहे. पेशव्यांचा दरबार गेला, फौजा मोडल्या, घोड्यांच्या दाणावैरणीचे गिऱ्हाईक संपले. शांतता झाल्याने लागवड वाढली आणि धारा मात्र रोकड भरायचा. ज्वारी स्वस्त झाली. रुपयांत सपाट दिसणारा आकार धान्यात मोजला तर चढत गेलेला आहे. शेजारी त्या वर्षीचा ज्वारीचा भाव लिहा आणि आकाराला किती धान्य विकावे लागले ते काढा. नाणेही पाहा: रक्कम अंकुशी रुपयात आहे की चांदवडी (ही निराळी नाणी), आणि बट्टा (नाणे बदलण्याची कसर) वजा आहे की नाही.

तिसरा_रकाना:
गावखर्च वेगळा काढला तर चित्र बरेच बदलते. मग १८३० आणि १८३६ यांत नेमका फरक कशाचा? दोन्ही वेळी मोजणीच झाली ना?

नीरकाठ:
मोजणी दोन्ही, पण पाया निराळा. १८३० च्या सुमाराच्या मोजणीत इंग्रज अधिकारी प्रिंगलने प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढले, त्यातून लागवडीचा खर्च वजा केला आणि उरलेल्याच्या ५५ टक्के सरकारचे धरले. कागदावर चोख! पण उत्पन्न आणि खर्च दोन्हींचे आकडे खालच्या कारकुनांनी गोळा केलेले. लाच दिली की जमिनीची प्रत बदले. त्यात भाव पडलेले. इंदापुरात सूट द्यावी लागली, जमिनी पडल्या, माणसे निजामाच्या हद्दीत गेली.

गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ पासून तिथेच काम धरले, आणि निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून नऊ प्रती. सर्वांत खोल काळी, पावणेदोन हातांची, ती १६ आणे. खाली १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ आणि शेवटची २ आणे. चुनखडी, वाळू, उतार असे दोष असले की प्रत खाली. ही फक्त जमिनीजमिनीतली तुलना. तालुक्याचा सर्वांत वरचा दर आधीच्या वसुलीचा इतिहास, भाव आणि बाजाराचे अंतर पाहून वेगळा ठरवला. ३० वर्षे तो वाढणार नव्हता, विहीर काढली तरी. आणि शेतकऱ्याला एखादा नंबर (मोजलेले शेत) राजीनामा देऊन सोडता येई.

तेव्हा १८३६ चा उतार दराचा आहे. पुढच्या दहा वर्षांत एकूण वसूल पुन्हा चढताना दिसला, तर लावणीपत्रकात पडीक किती लागवडीखाली आली ते आधी मोजा.

बिघे_पांड:
एक राहिले. १८३६ नंतरचे क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे, ४० गुंठ्यांचा एकर. जुना नंबर आणि नवा सर्व्हे नंबर यांची सांगड शेताच्या नावावरून घाला, क्षेत्रावरून नको.