नर्सिंगच्या मुलाखतीतले 'समजा असं झालं तर' प्रश्न: उत्तराची सुरुवात कुठून करायची?

कृष्णाकाठ

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालेलं, ३० बेडच्या नर्सिंग होममधला दोन वर्षांचा अनुभव. आता पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्सच्या मुलाखतीला बोलावलंय. थिअरीची भीती नाही. पण 'रक्त चढवताना पेशंटला हुडहुडी भरली तर?', 'डॉक्टरांनी सांगितलेला डोस चुकीचा वाटला तर?', 'चार पेशंटनी एकदम हाका मारल्या तर?' असे प्रश्न आले की तोंडात पहिलं वाक्य येतं ते 'डॉक्टरांना कळवीन'. एवढं पुरतं का? आणि किती बोलायचं?

इन्चार्ज_सिस्टर

नाही पुरत. कळवायचं असतंच, पण फोन लावण्याआधी तुमच्या हातांनी काय केलं ते पॅनेलला ऐकायचं असतं. आणि कोणत्या क्रमाने केलं, तेही.

रक्ताचंच घ्या. पहिलं वाक्य: 'रक्त ताबडतोब बंद करीन.' हळू करीन नव्हे, बंद. कॅन्युला (शिरेत बसवलेली छोटी नळी) काढायची नाही, पुढे औषधांसाठी तीच शीर लागते. सेट (बॅगेपासून कॅन्युलापर्यंतची नळी) मात्र बदलायचा आणि नव्या सेटने नॉर्मल सलाईन लावून शीर चालू ठेवायची. इथे बहुतेक जणी 'त्याच सेटला सलाईन जोडीन' म्हणतात आणि मार्क घालवतात. जुन्या नळीत उरलेलं रक्त सलाईनच्या धारेबरोबर पेशंटच्या अंगात जातं, म्हणजे जे थांबवायचं होतं तेच आपण ढकलतो.

मग टेम्परेचर, पल्स, बीपी, श्वास, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन). आरएमओंना (ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) फोन. लगोलग पेशंटचा हातपट्टा, बॅगवरचं लेबल आणि क्रॉसमॅचचा (रक्त जुळतं का ते तपासल्याचा) फॉर्म पुन्हा ताडून बघायचे. बॅग सेटसकट ब्लड बँकेत परत पाठवायची, कचऱ्यात नाही. सोबत दुसऱ्या हातातून घेतलेलं रक्ताचं सँपल आणि लघवीचं सँपल. लघवी लालसर किंवा कोकाकोलासारखी असेल तर रक्तपेशी फुटताहेत असा संशय घ्यायचा आणि ते फोनवर आवर्जून सांगायचं.

उपप्रश्न ठरलेला: 'ताप एकच डिग्री वाढलाय, बाकी पेशंट ठीक आहे, मग?' तरीही बंद. साधा तापाचा रिअॅक्शन आणि चुकीच्या गटाच्या रक्ताचा रिअॅक्शन सुरुवातीला सारखेच दिसतात. पुन्हा सुरू करायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील. आकडेही विचारतात: ब्लड बँकेतून बॅग निघाल्यापासून ३० मिनिटांत लावायची, जमत नसेल तर परत पाठवायची, वॉर्डच्या औषधांच्या फ्रिजमध्ये कधीच नाही. पहिली १५ मिनिटं हळू आणि स्वतः बेडजवळ उभं राहून. ४ तासांत संपवायची.

नाईट_ड्यूटी

डोसच्या प्रश्नाला हमखास येणारं उदाहरण केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइड). रात्री फोनवर ऑर्डर: 'एक अँप्युल केसीएल देऊन टाका.' आपल्याकडच्या १० मिलीच्या १५ टक्के अँप्युलमध्ये २० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं माप) असतं. ते सरळ शिरेत पुश केलं तर हृदय थांबतं. उत्तर असं: 'देणार नाही, आधी विचारीन. सर, २० एमईक्यू ५०० मिली एनएसमध्ये (नॉर्मल सलाईनमध्ये) घालून सावकाश ना?' साध्या हाताच्या शिरेतून तासाला १० एमईक्यू ही नेहमीची मर्यादा, म्हणजे ती बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. लघवी होतेय का ते आधी बघायचं. आणि लटकत्या बाटलीत केसीएल सोडायचं नाही. ते तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांतच बराचसा डोस आत जातो. बाटली खाली काढून, औषध घालून, नीट उलटीपालटी करून, लेबल लावून मगच टांगायची.

तरीही डॉक्टर 'पुशच द्या' म्हणाले, तर? 'मी देणार नाही, इन्चार्जना आणि मग कन्सल्टंटना विचारीन, वेळेसकट नोंद करीन.' पण 'डॉक्टर चुकले' हे शब्द मुलाखतीत नकोत. 'ऑर्डर स्पष्ट करून घेतली' म्हणा.

फोनवरची ऑर्डर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, आकडे फोडून म्हणायचे ('एक-पाच, पंधरा', फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात) आणि ठरलेल्या मुदतीत सही घ्यायची.

इन्सुलिनही पक्कं करून जा. लाल टोपीची सिरिंज मिलीला ४० युनिटची, नारिंगी १०० ची. १०० च्या व्हायलमधलं (बाटलीतलं) इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये '२०' पर्यंत भरलं तर ते अर्धा मिली होतं, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. उलट केलं तर ८ च जातात. हा हिशोब पॅनेलसमोर तोंडी केलात तर पुढचे दोन प्रश्न वाचतात.

'तुमच्याच हातून चूक झाली तर?' याला 'माझ्याकडून होत नाही' हे सर्वांत वाईट उत्तर. आधी पेशंट बघायचा, मग डॉक्टर, इन्चार्ज आणि त्याच शिफ्टमध्ये इन्सिडंट फॉर्म. केस पेपरवर काय दिलं, किती वाजता, पेशंटची स्थिती काय एवढंच. चुकलेल्या नोंदीवर एक आडवी रेघ आणि सही, व्हाइटनर नाही.

कृष्णाकाठ

दोघींचे आभार. चार पेशंटवालं अजून राहिलंय. आणि डॉक्टरांना फोनवर नेमकं काय बोलायचं, तेही म्हणून दाखवायला लावतात म्हणे.

सर्जिकल_वॉर्ड

लावतात. प्रश्न साधारण असा असतो: एकाचं सलाईन संपलंय, एकाला डिस्चार्जची घाई आहे, एकाला छातीत दुखून घाम फुटलाय, आणि ऑपरेशन झालेली बाई दुखतंय म्हणून इंजेक्शन मागतेय. छातीत दुखणारा पहिला, हे सगळेच सांगतात. त्याच्याजवळ थांबून मदतीला हाक मारायची, सोडून पळायचं नाही. मॉनिटर, ईसीजी, डॉक्टर.

खरी मेख चौथ्या पेशंटमध्ये असते. ऑपरेशननंतरचं दुखणं म्हणजे नुसतं दुखणंच, असं धरून चालू नका. अस्वस्थ आहे, पल्स वाढलीय, हातपाय गार आहेत, तर आतून रक्तस्राव असू शकतो. म्हणून इंजेक्शन भरण्याआधी पल्स-बीपी, ड्रेसिंग, ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी). ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं तरी कमरेखाली हात घालून बघा, रक्त ओघळून खाली साचतं. तुम्ही छातीवाल्यापाशी अडकलात तर हे बघायला दुसऱ्या स्टाफलाच पाठवायचं. संपलेलं सलाईनही दुसरी स्टाफच बदलेल. 'मावशींना बदलायला सांगीन' म्हणालात तर तिथेच संपलं. मावशींकडून नातेवाइकांना बसवून घेता येतं, व्हीलचेअर आणवता येते, तेवढंच. डिस्चार्जवाला थांबेल, पण त्याला 'वीस मिनिटं लागतील' असं सांगून.

फोन असा: 'सर, सर्जिकल वॉर्ड, बेड १२, ऑपरेशनचा पहिला दिवस. बीपी ९०/६०, पल्स १२४, तासाभरात ड्रेनमध्ये २०० मिली ताजं रक्त. रक्तस्राव वाटतोय. तुम्ही लगेच या, तोवर सलाईन फास्ट करू का?' एसबीएआर तो हाच: आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. चौथा भाग बहुतेक जणी गाळतात. नुसतं 'बीपी कमी आहे सर' म्हटलं की पलीकडून 'बघत राहा' येतं.

इन्चार्ज_सिस्टर

@सर्जिकल_वॉर्ड, सलाईन 'करू का' असं विचारलंय ते बरोबर. मुलाखतीत काही जणी उत्साहाने औषधंही स्वतःच सुरू करतात. ऑर्डरशिवाय करायचं असेल तिथे 'हॉस्पिटलच्या स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे' (आधीच लेखी ठरवून दिलेल्या सूचनांप्रमाणे) हे शब्द हवेतच. शुगर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर तोंडाने, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी; हे निर्धास्त सांगा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, आणि शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) १०० मिली स्टँडिंग ऑर्डर असेल तरच, नाहीतर फोनवर ऑर्डर घेऊन.

वेळ विचारलीत: दीड-दोन मिनिटं. मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळलं तरी चालतं, औषधांची नावं आणि आकडे चुकायला नकोत.

नाईट_ड्यूटी

'चिडलेले नातेवाईक अंगावर आले तर?' हा प्रश्न राहिला. आवाज चढवायचा नाही, एक हात अंतर, दाराची वाट आपल्या पाठीशी, सिक्युरिटीला खूण. मृत्यूची बातमी डॉक्टर देतात, सिस्टर नाही. महाराष्ट्रात हल्ल्याविरुद्ध २०१० चा कायदा आहे, तो माहीत असावा. पण उत्तराची सुरुवात त्याने करू नका, आधी नातेवाइकांचं ऐकून घेणं येतं.

सुई टोचल्याचाही विचारतात. साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. लगेच रिपोर्ट, पेशंटचं आणि आपलं दोघांचं एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीसाठी रक्त. पीईपी (एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं) शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांच्या आत, आणि सुरू केली तर २८ दिवस. 'शिफ्ट संपल्यावर सांगीन' म्हणू नका.