कापणीच्या दिवसांत रडार बघून भात वाळत घालायचं कसं?

पेडण्याचा_मळेकरी

नमस्कार. हस्त सरला, चित्रा लागल्या, तरी रोज दुपारी तीन-साडेतीनला आमच्याकडे काळं करून येतं. ज्योती जातीचं भात कापून झालं, यंत्राने मळूनही झाली, पण भात ओलं आहे. सकाळी अंगणात ताडपत्रीवर पसरतो. मोबाइलमधलं हवामान रोज एकच सांगतं, दुपारी 60 टक्के पाऊस. काल त्या 60 टक्क्यांत थेंब पडला नाही, परवा त्याच 60 टक्क्यांत अर्धं भात भिजलं. आई म्हणते डोंगराकडे बघ. बघतो, पण डोंगर काळा दिसल्यावर धावाधाव सुरू केली तर पुरत नाही. घरात गोळा करणारे आम्ही दोघंच, पाऊण तास लागतो.

कुणी तरी रडार बघायला सांगितलं. हवामान खात्याच्या साइटवर पणजीचं रडार उघडलं तर रंगीत ठिपके आणि इंग्रजी नावांची रांग. यातलं कुठलं चित्र बघायचं? आणि पाऊण तास आधी खरंच कळतं का?

म्हापशाचा_बुलेटवाला

विंडी ॲप लाव रे, त्यात सगळं दिसतं. चोर्ला घाटात जाताना मी तेच बघतो. उद्याचासुद्धा पाऊस दिसतो त्यात.

साळची_वैनी

बुलेटवाले भाऊ, उद्याचा पाऊस दिसतो म्हणजे ते रडार नव्हे, तो संगणकाचा अंदाज. विंडीवर रडारचा थर वेगळा असतो, तो निवडून लावावा लागतो. रडार फक्त आता हवेत काय आहे ते दाखवतं. अंदाज कापणीचा दिवस ठरवायला बरा, पण अंगणात पसरलेल्या भाताला त्याचा उपयोग नाही.

मळेकरी, तुमचं 60 टक्के खोटं नाही. या दिवसांत पाऊस तुकड्या-तुकड्यांनी पडतो, मोप्याला धो धो आणि धारगळला ऊन. कुठला तुकडा कुणाच्या अंगणात जाणार हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही. दुपारी दोनच्या पुढे मात्र बऱ्यापैकी कळतं.

नावांच्या रांगेत मॅक्स झेड म्हणून आहे, प्रत्येक जागेवर कुठल्याही उंचीचा सगळ्यांत जोरदार ढग दाखवणारं चित्र, तेवढं उघडा. बाकीचं आपल्या कामाचं नाही. आधी चित्रावरची वेळ वाचा. ती बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. 9:10 लिहिलं असेल तर ते आपले दुपारचे 2:40. घड्याळात साडेतीन झाले असतील तर त्या चित्राचं काही करू नका, मधल्या वेळात ढग कुठच्या कुठे गेलेला असतो. दहा-पंधरा मिनिटांनी नवं चित्र येतं, त्याची वाट बघा.

आता बघायचं कुठे? जून-जुलैत आपण समुद्राकडे बघतो. ऑक्टोबरात तिकडे पाठ करा. नैर्ऋत्येचा वारा पडलेला असतो, वरचा वारा बहुतेक पूर्वेकडून असतो. चंदगड, तिळारी, आंबोली या पट्ट्यात दुपारी ढग फुगतात आणि घाट उतरून आपल्याकडे सरकतात. आमच्या साळला आधी, मग तुमच्याकडे. तुमची आई बरोबर दिशेला बघते, पण तिला डोंगराची अलीकडची बाजू दिसते आणि रडारला पलीकडचीही.

रंगांशेजारी आकडे असतात, डीबीझेडचे, म्हणजे ढगातल्या थेंबांवरून रडारकडे किती जोराचा परतावा आला त्याचं माप. ते सरळ चढत नाहीत. 30 म्हणजे तासाला अडीच-तीन मिलिमीटरची सर. 40 म्हणजे अकरा-बारा. 50 म्हणजे पन्नासच्या आसपास, म्हणजे ताडपत्रीवरून भात वाहून न्यायला पुरेल एवढा. 20-25च्या फिकट ठिपक्यांना घाबरून गोळा करत बसाल तर एकही दिवस वाळवण होणार नाही. मी 40च्या खालच्याकडे लक्ष देत नाही.

आता तुमचा पाऊण तास. वीस-तीस मिनिटांच्या अंतराची दोन चित्रं घ्या आणि तोच ढगाचा गोळा किती सरकला ते बघा. चित्रात अंतराची वर्तुळं आखलेली असतात, त्यावरून अंदाज येतो. समजा तासाला 25 किलोमीटरच्या वेगाने येतोय. पाऊण तासात तो एकोणीस-वीस किलोमीटर येणार, आणि दोडामार्ग तुमच्यापासून साधारण तेवढंच. म्हणजे ढग दोडामार्गावर दिसला तेव्हा तुमची वेळ संपली. तो तिळारी धरणावर असताना, तीसएक किलोमीटरवर, सुरुवात करायची. पणजीच्या उत्तरेला 25 किलोमीटरवर स्वतःचं गाव एकदा हेरून ठेवा, नाही तर रोज चुकीच्या ठिपक्यापासून मोजाल.

फोंड्याचा_नरकासुर_मंडळ

वैनी, आमचा प्रश्न याच्याच शेजारचा. दिवाळीला जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याचं अंग कागदाचं, आणि चतुर्दशीच्या आदल्या रात्री तो उघड्यावर उभा असतो. आठ वाजता रडार साफ दिसलं तर पहाटेपर्यंत निश्चिंत राहायचं का? आणि जुलैत कितीदा बाहेर मुसळधार असताना रडारवर फिका रंग असतो, मग ऑक्टोबरात त्याच्यावर भरवसा का ठेवायचा?

साळची_वैनी

आठचं चित्र पहाटेपर्यंत धरू नका. एक गडगडाटी ढग अर्धा-पाऊण तास जगतो, फार तर तास. मरताना खाली थंड वारा सोडतो, आणि तो वारा पुढची गरम हवा उचलून नवा ढग उभा करतो. म्हणून साफ चित्राचा भरवसा तासभराचा, त्याच्या पुढे नाही. रात्री जमीन निवते तसे ढग बसतात हे खरं, तरी प्लास्टिक हाताशी ठेवा. नरकासुराला रेनकोट घातलेला बघायला पोरांना आवडेलच.

जुलैचं म्हणाल तर रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते, त्यामुळे जेवढं लांब तेवढा तो उंचावरून जातो. अर्ध्या अंशावर सोडलेला झोत 100 किलोमीटरवर जवळजवळ दीड किलोमीटर वर असतो. पावसाळ्यात घाटाला टेकून बुटके ढग मुसळधार ओततात, त्यांचा खालचा भाग झोताच्या खालीच राहतो, आणि डोंगरही मध्ये येतो. ऑक्टोबरचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो, तो लपत नाही. मॅक्स झेडच्या वरच्या आणि उजव्या कडेच्या पट्टीत ही उंची दिसते. ढग पुढच्या चित्रात अजून उंच झाला असेल तर दूर असला तरी हात लावा.

विजेसाठी दामिनी ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं. गडगडाट ऐकू येऊ लागला की भात राहू दे, आईला आधी घरात घ्या. अंगणात लोखंडी फावडं घेऊन उभं राहायची ती वेळ नव्हे.

पेडण्याचा_मळेकरी

वैनी, आज केलं. 2:40च्या चित्रात चंदगडच्या अलीकडे 45चा गोळा होता, तीनच्या चित्रात तिळारीवर. लगेच गोळा केलं, शेवटचं पोतं ओटीवर आलं आणि वारा सुटला. पाऊस आला, पण थोडा, मुख्य गोळा बांद्याकडे वळला. आई म्हणाली, फुकट धावडवलंस. आता चार वाजता परत ऊन आहे. पुन्हा पसरू का?

साळची_वैनी

आधी चित्र बघा, मागून दुसरा येतोय का ते. नसला तर पसरा, चारचं ऊन असलं तरी वारा लागतो. पातळ पसरा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने पायाने परता. रात्री मात्र ओलं भात पोत्यांत बांधून किंवा ताडपत्रीखाली ढीग करून ठेवू नका, आतून तापतं आणि मोड येतात. ओटीवर बोटभर जाडीने पसरून पंखा लावा. कापताना ओल 20 टक्क्यांच्या वर असते, साठवायला 14पर्यंत उतरायला हवी. दाताखाली दाणा कडक आवाज करून फुटला की पोत्यात भरा.