केमोनंतरचं पांढऱ्या पेशींचं इंजेक्शन आणि हाडांचं दुखणं

सुईदोरा

नमस्कार. मी साताऱ्याजवळ राहते, ब्लाउज शिवून देते. वय ४७. डाव्या स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. एकूण आठ. पहिल्या चार लाल औषधाच्या, दर २१ दिवसांनी.

पहिल्या केमोनंतर पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की ताप येऊन चार दिवस ॲडमिट होते. म्हणून आता केमोच्या दुसऱ्या दिवशी पोटावर एक इंजेक्शन देतात, पेगफिलग्रास्टिम, ६ मिलिग्रॅम. टोचताना काहीच वाटलं नाही. दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली ती छातीच्या मधल्या हाडातल्या ठणक्याने. काळजाचा ठोका पडला की ठणका, ठोका पडला की ठणका. मग कमरेच्या मागे सुरू झालं, तिथून मांड्यांत. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले, कारण बसलं तरी दुखे आणि झोपलं तरी दुखे. सकाळी मशीनवर बसून बघितलं. पायडल दाबलं की मांडीचं हाड आतून फुगल्यासारखं व्हायचं. सासूबाई म्हणाल्या वात आहे, तेल चोळते. त्यांचा हात लागला आणि मी ओरडलेच.

यांना उठवलं नाही. पण अंधारात डोक्यात एकच येत होतं, की हाडात तर उतरलं नसेल ना? डॉक्टरांना विचारलं तर "इंजेक्शनचं दुखणं आहे, होतं तसं" एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. येत्या मंगळवारी तिसरी केमो, बुधवारी परत ते इंजेक्शन. मला त्या केमोपेक्षा त्याचीच भीती वाटते. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, काय केलंत?

मृद्गंध

ताई, आधी त्या अंधारातल्या प्रश्नाबद्दल, कारण तो मलाही पडला होता आणि मी तो आठ दिवस कुणाला बोलले नव्हते. हे इंजेक्शन मज्जेला कामाला लावतं. रक्त तयार करणारी मज्जा आपल्या वयात कुठे असते? कणा, कमरेचं हाड, छातीचं मधलं हाड, फासळ्या, मांडीच्या हाडाचा वरचा भाग. तुम्ही लिहिलेल्या जागा परत वाचा, त्याच आहेत. हाडाच्या आत एकदम पेशींची भरती होते, म्हणून ते फुगल्यासारखं वाटतं. आणि तुमचं दुखणं इंजेक्शनच्या तारखेला धरून आलं. केमोच्या आधीच्या आठवड्यात ते होतं का? नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. एकाच जागी, पुढच्या केमोपर्यंत न थांबता दुखत राहिलं, तर मात्र परत परत विचारा, पुढचा पेशंट आत आला तरी उठू नका.

मी एका वहीत लिहून ठेवायचे. इंजेक्शनचा दिवस शून्य. माझं दुसऱ्या संध्याकाळी सुरू व्हायचं, तिसरा-चौथा दिवस सगळ्यात वाईट, सहाव्या दिवशी उतरायचं. एकदा कळलं की हे संपतं, आणि साधारण कधी संपतं, की रात्र थोडी सोपी जाते. खरंच जाते.

गोळी दुखायला लागल्यावर घेऊ नका. मला डॉक्टरांनी इंजेक्शनच्या संध्याकाळपासूनच पॅरासिटामॉल ठरावीक वेळांनी घ्यायला सांगितली होती. शिवाय लोराटाडीन नावाची ॲलर्जीची गोळी, १० मिलिग्रॅम, दिवसातून एक. ॲलर्जीचा आणि हाडांचा काय संबंध असं मलाही वाटलं. इंजेक्शनमुळे मज्जेत हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीत सुटतं तेच द्रव्य, सुटतं आणि त्यानेही दुखतं, म्हणून ती देऊन बघतात म्हणे. सगळ्यांनाच लागू पडते असं नाही, मला पडली. विचारून घ्या, मनाने नको.

डेकेअरसिस्टर

मी केमोच्या डेकेअरला काम करते, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते.

पॅरासिटामॉल घ्यायच्या आधी प्रत्येक वेळी थर्मामीटर लावा. रात्री दोनला सुद्धा. ही गोळी ताप झाकते, आणि तुम्हाला तर एकदा पेशी खाली जाऊन ताप आलेला आहे. १००.४ किंवा वर दिसलं तर गोळी घेऊन झोपायचं नाही, हॉस्पिटलला फोन करायचा. तो नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणालाही सापडेल.

आणि घरात पडलेली ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लो मनाने घेऊ नका. हाडांच्या दुखण्यावर त्या गटातली औषधं डॉक्टर कधी कधी देतातही, पण प्लेटलेट आणि किडनीचे रिपोर्ट बघून. केमोत प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो.

क्वचित या इंजेक्शनने प्लीहा सुजते. डाव्या फासळ्यांच्या खाली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखलं तर ते हाडांचं म्हणून अंगावर काढू नका, लगेच दाखवा.

इंजेक्शन घरी आणत असाल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, हलवायचं नाही, आणि अर्धा तास आधी बाहेर काढा. गार टोचलं की जास्त झोंबतं. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर घेऊ नका. सासूबाईंना सांगा, चोळणं नको, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेला द्या.

बाबांचा_मुलगा

माझ्या वडिलांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, होता. त्यांना एकच मोठं इंजेक्शन न देता रोजचं छोटं, फिलग्रास्टिम ३०० मायक्रोग्रॅम, पाच दिवस दिलं. त्यांचंही दुखलं, पण कमी. प्रत्येकाचं तसं होईल असं नाही, पण फारच असह्य झालं तर हा पर्याय चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. बाबा जमिनीवर गादी घालून झोपायचे, त्यांना उठताच येईना. शेजाऱ्यांची खाट मागून आणली, गुडघ्यांमध्ये उशी दिली, तेवढ्याने रात्रीचं कण्हणं निम्मं झालं.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी डॉक्टरांकडे वही घेऊन गेले आणि उठले नाही. लोराटाडीन लिहून दिली, पॅरासिटामॉल बुधवार संध्याकाळपासून. पुढच्या चार केमोंच्या औषधानेही दोन-तीन दिवसांनी अंग आणि सांधे दुखतात, तेव्हा कुठलं दुखणं कुठलं ते लिहून ठेवा, असंही म्हणाले.

दुखलं. नाही दुखलं असं सांगणार नाही. शुक्रवारी रात्री परत छातीत ठणका सुरू झाला. या वेळी यांना उठवलं. त्यांनी चष्मा शोधून थर्मामीटर दिव्याखाली धरलं, ९८.६. मग गोळी घेतली आणि ते पिशवीसाठी पाणी तापवायला उठले. पाणी तापेपर्यंत मला डोळा लागला होता. आज रविवार, सकाळी बसून दोन हुक-पट्ट्या लावल्या. पायडलला अजून पाय लावलेला नाही.