मदत हवी आहे: डोंग्यावरून जाळं फेकताना कोणतं लाइफ जॅकेट घालावं?

नमस्कार मंडळी. आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, इटियाडोह धरणावर मासेमारी करतो. पावसाळ्याआधी बारा जणांसाठी जॅकेटं घ्यायची आहेत. पोहता सगळ्यांना येतं, पण पायात जाळं गुंतलं की पोहणं कामी येत नाही.

नमुन्याला दोन आणली. ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेट पाण्यात माणसाला किती जोराने वर धरतं त्याचं माप) अंगाला हलकं, त्यात हात मोकळे चालतात. पण शुद्ध हरपलेल्या माणसाला ते उताणं करेल याचा भरवसा नाही, म्हणून मन धजत नाही. दुसरं १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं. आमच्यासारख्या बंदिस्त पाण्याला तेच योग्य. अडचण अशी की फेकजाळं टाकताना छातीवरचा जाड फोम कोपराला अडतो आणि जाळं बकलात अडकतं. परवा जाळ्याच्या वजनाची शिशाची गोळी बकलाखाली गेली, हिसका बसला आणि डोंगा कलला. बकलावर सायकलची ट्यूब चढवून पाहिली. जाळं अडकायचं थांबलं, पण ओल्या हाताने बकल सुटेना.

गॅसवर फुगणारं नको. एकदा फुगलं की नवी नळकांडी इथे मिळत नाही. बजेट नगामागे १,५०० रुपये, माणसं ५० ते ७५ किलोची.

१०० न्यूटनचं, पण पुढे बकलाऐवजी चेन आणि खांदे मोकळे असलेलं जॅकेट कोणी रोज वापरतंय का? गाळाने चेन जाम होते का?