धुऱ्यावर सापडलेले वाळक्या पानासारखे पाखरू कोणते?

प्रश्न (वरूड तालुका)
आमची आंबिया बहाराची संत्र्याची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी, जंगलाला लागून आहे. काल सकाळी धुऱ्यावरच्या पळसाखाली पडलेले एक वाळके पान मी उचलायला गेलो, तोच त्याने पंख उघडले आणि आत गर्द नारिंगी रंगावर ठळक काळा डाग दिसला. पंख मिटताच ते पुन्हा पान झाले. पानाच्या मधल्या शिरेसारखी रेषसुद्धा त्यावर होती. हे पाखरू कोणते? संत्र्याच्या पानांवर मला याची अळी कुठेच सापडली नाही, ती कुठे राहते?

उत्तर
भाऊ, हा फळांतील रस शोषणारा पतंग आहे. याच्या प्रजातीचे (जीनस) शास्त्रीय नाव युडोसिमा. मागच्या पंखावरचा डाग स्वल्पविरामासारखा वाकडा असेल तर तो युडोसिमा फॅलोनिया (जुन्या पुस्तकांत फुलोनिया), आणि सुटा गोल ठिपका असेल तर युडोसिमा मॅटर्ना.

अळी संत्र्यावर सापडणार नाही, कारण मादी अंडी घालते ती गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि दोन-तीन आठवडे त्याच वेलीची पाने खाते. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे दोन-दोन गोल असतात. धक्का लागला की ती डोके आत वळवून मागचा भाग उचलते, तेव्हा हे खोटे डोळेच समोर येतात. पुढे पाने रेशमाने जोडून ती आत कोषात जाते आणि साधारण दोन आठवड्यांनी पतंग निघतो. बहुतेक किडींत नुकसान अळी करते, इथे मात्र ते पतंग करतो: त्याच्या सोंडेचे टोक कडक व काटेरी असल्यामुळे ती संत्र्याची साल भेदून आत शिरते.

उत्तर (काटोल)
अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बागेत फिरा, फळांवर बसलेल्या पतंगांचे डोळे चमकताना दिसतील. टाचणीएवढे छिद्र असलेले फळ दाबले की रस येतो. असे फळ सडून गळते, म्हणून गळलेली फळे रोज वेचून पुरावीत. बागेच्या कुंपणावरची गुळवेल काढावी, पण जंगलातली तोडू नये. ती औषधी आहे आणि सगळी तोडणे शक्यही नाही.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे आभार. आज कुंपणावरच्या गुळवेलीवर त्या डोळ्यांची एक अळी आणि रेशमाने जोडलेली दोन पाने सापडली. ती पाने जाळी लावलेल्या बरणीत ठेवली आहेत. पतंग निघाला की डाग वाकडा आहे की गोल, ते इथे कळवीन.