खगोलशास्त्रातला ‘धातू’ : ऑक्सिजनसुद्धा?

प्रश्न : पुण्यातल्या एका शाळेच्या विज्ञान मंडळासाठी ताऱ्यांवरचा मजकूर मराठीत करते आहे. त्यात वाक्य आलं : ‘हायड्रोजन जाळणाऱ्या आपल्या सूर्यात धातू दोन टक्क्यांहून कमी, त्यांत सर्वांत जास्त ऑक्सिजन.’ मुलं ऑक्सिजन अधातू म्हणून शिकली आहेत. ‘धातू’ ठेवू की बदलू?

उत्तर : वाक्य चुकीचं नाही. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियमची केंद्रकं तयार झाली, वजनाने साधारण ७५ आणि २५ टक्के, लिथियम नावापुरतं. मग प्रसरणामुळे सगळं निवलं, विरळ झालं आणि ते काम थांबलं. उरलेली मूलद्रव्यं पुढे बहुतांशी ताऱ्यांनी घडवली. म्हणून खगोलशास्त्रज्ञ त्या सगळ्यांना सरसकट धातू म्हणतात, मग तो कार्बन असो की निऑन.

मला तर हा शब्द मराठीत जास्त शोभतो असं वाटतं. धातू आला ‘धा’पासून, म्हणजे ठेवणे, धारण करणे. व्याकरणात क्रियापदाचं मूळ ते धातू. आयुर्वेदाचे सात धातू म्हणजे रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र; तिथे चकाकीचा किंवा ठोकून पत्रा होण्याचा काय संबंध? आपला धातू तांबट आळीपुरता कधीच नव्हता. रक्त आणि अस्थी हे धातू, आणि त्यांतलं लोह, कॅल्शियम खगोलशास्त्राच्या अर्थानेही धातू!

दुसरं उत्तर : व्युत्पत्ती सुंदर आहे, पण सातवीतल्या मुलाला ती कोण सांगणार? ‘हेलियमपेक्षा जड मूलद्रव्ये’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘जड’ नको. ‘जड धातू’ म्हटलं की नदीच्या प्रदूषणातलं शिसं आणि पारा आठवतो.

आणि ‘जाळणाऱ्या’ आधी खोडा. जळताना अणू तेच राहतात, फक्त जोडीदार बदलतात. ताऱ्यात केंद्रकंच एक होतात, ते ‘संमीलन’. लोहाच्या आसपासपर्यंत त्यातून ऊर्जा सुटते, पुढे नाही. तांबं, कल्हईचं कथील, सोनं यांसाठी केंद्रकांना मुख्यतः न्यूट्रॉन पकडावे लागतात. तिथेही ‘जळून’ लिहिलं असेल तर बदला.

प्रश्नकर्ती : दोघांचंही घेते. ‘हायड्रोजनच्या संमीलनावर तेवणाऱ्या सूर्यात हेलियमपेक्षा जड मूलद्रव्ये दोन टक्क्यांहून कमी आहेत, त्यांत सर्वांत जास्त ऑक्सिजन. खगोलशास्त्रज्ञ या सर्वांना धातू म्हणतात.’ खाली चौकटीत ‘धा’ची गोष्ट, सात धातूंसह.