रशियन द्वितीयेतलं 'सजीव-निर्जीव' हे नावच टाकून द्यावं का?

समोवार
रशियन शिकणारा नवखा हमखास अडखळतो तो द्वितीयेत. नियम ऐकायला सोपा आहे. व्यंजनान्त पुल्लिंगी नाम निर्जीव असेल तर द्वितीयेचं रूप प्रथमेसारखंच राहतं: 'वीझू स्तोल', मी टेबल पाहतो. सजीव असेल तर षष्ठीचं रूप येतं: 'वीझू स्तुद्येन्ता', मी विद्यार्थ्याला पाहतो. अनेकवचनात हा भेद तिन्ही लिंगांना लागू.

माझं म्हणणं, शिकवताना 'सजीव-निर्जीव' हे शब्द वापरूच नयेत. 'मेर्त्वेत्स' आणि 'पकोय्निक' म्हणजे मेलेला माणूस, पण व्याकरणात दोघेही सजीव. 'त्रूप' म्हणजे प्रेत, ते निर्जीव. 'नारोद', म्हणजे अख्खी जनता, निर्जीव! झाडं निर्जीव, बाहुल्या सजीव. आणि जिवंत बाईला एकवचनात काय मिळतं? 'झेन्शिनू' आणि 'लाम्पू', बाई आणि दिवा, दोघींचा शेवट एकच. सरळ 'पहिला गट, दुसरा गट' म्हणा आणि लिंगासारखं पाठ करून घ्या.

खडूस मास्तर
साफ असहमत. मराठीत खांब पुल्लिंगी आणि भिंत स्त्रीलिंगी, म्हणून आपण 'लिंग' हा शब्द व्याकरणातून हद्दपार केला का?

आणि पाठांतराचं म्हणाल तर 2016 साली पोकेमॉनचा खेळ मोबाइलवर आला, तेव्हा रशियन पोरं 'लवीत पकेमोनव', म्हणजे पोकेमॉन पकडायचे, असं म्हणत रस्तोरस्ती फिरत होती. हे सजीवाचं रूप. ते काही कुठल्या यादीतून पाठ केलेलं नव्हतं. चेहरा आहे, पळतो, म्हणजे सजीव, इतकंच डोक्यात असणार. बर्फाचा माणूस, मात्र्योश्का बाहुली, यांचंही तेच. तुमचा 'दुसरा गट' शिकलेला विद्यार्थी नवा शब्द आला की काय करणार? शब्दकोश उघडून बसणार?

प्रेताचंही कोडं नाही. 'पकोय्निक' म्हटलं की अमुक एक माणूस, जो आता नाही. 'त्रूप' म्हणजे मढं. आपणही 'कैलासवासी आबांना' म्हणतो आणि 'मढं उचला' म्हणतो.

समोवार
मास्तर, चेहऱ्याचंच असेल तर मर्सिडीजचं काय? बोलीभाषेत 'कुपील मेर्सा' म्हणतात, गाडी घेतली, तीही सजीव रूपात. पत्त्यांतला एक्का, 'तूझ', तोही सजीव. त्याला तर राजा-गुलामासारखं तोंडही नाही!

अष्टपैलू उंट
बुद्धिबळाचं मी सांगतो. 'स्लोन' म्हणजे हत्ती, पण पटावर तो आपला उंट. तो, घोडा आणि वजीर मारताना सजीवाचं रूप येतं: 'स्लना', 'कन्या', 'फेर्ज्या'. आपला हत्ती त्यांच्याकडे 'लाद्या', म्हणजे होडी. दोन्ही हत्तींचा बळी दिला तरी रूप निर्जीवाचं. 'फेर्ज' या शब्दात आजच्या रशियन कानाला कुठलाच प्राणी ऐकू येत नाही, तरी तो सजीव. त्यामुळे इथे मी थोडा समोवारकडे झुकतो.

जुनी पोथी
दोघंही आजच्या भाषेवरून भांडताय. हा भेद मुळात जीव ओळखायला आलाच नव्हता. जुन्या स्लाव्ह भाषेत शब्दांच्या अखेरीची व्यंजनं गळाली आणि पुल्लिंगी प्रथमा-द्वितीया एकसारख्या झाल्या. वाक्यातला शब्दक्रम मोकळा. बापाने मुलाला मारलं की मुलाने बापाला, कळेना. टेबल कुणाला मारत नाही, म्हणून तिथे अडचण नव्हती. माणसांसाठी मात्र षष्ठीचं रूप उसनं घेतलं. आधी पुरुष, मग अनेकवचनात बायका, जनावरांचा नंबर बराच उशिरा. बाईला एकवचनात वेगळं रूप नाही याचं कारणही हेच: तिथे प्रथमा आणि द्वितीया मुळातच वेगळ्या होत्या, गोंधळ नव्हता.

जुनं रूप अजून सापडतं. लग्न करणाऱ्या मुलीसाठी 'वीयती झामुझ' म्हणतात. त्यातला 'मुझ' म्हणजे नवरा, द्वितीयेत, पण निर्जीवासारखा. 'पय्ती व सल्दाती', सैन्यात भरती होणे, तिथेही सैनिक प्रथमेच्या रूपात.

खडूस मास्तर
हे सैनिकांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, पोथीबाई. तिथे कुणी ठरावीक सैनिक नाहीत, तो एक पेशा आहे. आपल्याकडे 'मुलगी पाहायला गेले' आणि 'मुलीला पाहायला गेले' यांत हाच फरक. पहिल्यात स्थळ आहे, पोहे आहेत. दुसऱ्यात मुलगी बहुधा आजारी आहे.

समोवार
हे मान्य. पण मग तो फरक व्यक्ती आणि भूमिकेचा झाला, जिवाचा नव्हे. म्हणजे नाव चुकीचंच की!

खडूस मास्तर
रशियन शाळांतली पोरं हेच नाव शिकतात. 'कोण?' विचारता आलं तर सजीव, 'काय?' विचारावं लागलं तर निर्जीव. तुमच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न शिकवा. एक्का आणि वजीर वेगळे सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

समोवार
आणि 'मिक्रोब', म्हणजे सूक्ष्मजंतू? त्याला 'कोण' विचारू की 'काय'? रशियनमध्ये दोन्ही रूपं चालतात.